चौथ्याला पिंड नाही

अकरा

ढुंढिराजशास्त्र्यांचा आवाज जायला अकरा दिवस उरले होते. हे कुणा ज्योतिषाचं भाकीत नव्हे. तारीख ठरलेली होती, गाडीचं आरक्षण झालेलं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ स्वरयंत्रासकट काढायची म्हणून सांगितलं होतं आणि तोवर दिवसाला एक तास बोला, बाकी मौन, अशी ताकीद दिली होती. शास्त्रीबुवांनी सकाळी नऊ ते दहा हा तास घेतला. गंगेकाठी ब्रह्माघाटावरच्या त्या घरात दहा वाजले की एक म्हातारा मुका व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा बोलू लागायचा.

मालविका त्यांची सून. त्या तासात ते म्हणतील ते तिने संगणकावर उतरवायचं.

काय उतरवायचं, ते सांगायला हवं. वेदाचा घनपाठ म्हणजे शब्दांची वेणी. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, पुन्हा एक-दोन-तीन, असे शब्द पुढे-मागे वळवत म्हणायचे. वळताना शब्द एकमेकांना चिकटतात आणि कुठे कसे चिकटावेत याबद्दल घराण्याघराण्यांत वाद. या घराण्याची अशी वादाची ठिकाणं चाळीस अध्यायांत मिळून पाचशेच्या वर. ती छापलेली नाहीत, लिहिलेली नाहीत. ढुंढिराजशास्त्र्यांच्या वडिलांच्या तोंडून ती त्यांच्या तोंडात आली आणि तिथेच थांबली, कारण मुलगा यज्ञेश विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये लागला.

तीन वर्षं काम चालू होतं. आधी निवांत, दिवसाला एखादं ठिकाण, वर अर्धा तास गप्पा. गाठ सापडल्यापासून दिवसाला एक अध्याय. एकतीस झाले होते. नऊ उरले होते. अकरा दिवसांत नऊ अध्याय बसत होते, वर दोन दिवस हाताशी.

कागदावर मात्र काही नव्हतं. अर्धी पोथी घराबाहेर जायची नाही आणि तिची प्रतही काढायची नाही, पाठ टेपवरही घ्यायचा नाही, असा शास्त्रीबुवांचा नियम होता. चाळिसावा पुरा झाला की मग काय ते छापा, वाटा, गंगेत सोडा. यज्ञेशने मान डोलावली होती. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी विद्यापीठातून सीडी करून आणणार होता.

त्या सकाळी नऊ वाजता शास्त्रीबुवा चटईवर येऊन बसले, गुळण्या केल्या, खाकरले आणि म्हणाले, "हं, बत्तिसावा."

मालविकाने बटण दाबलं.

> जागा अपुरी आहे.
> 'शिवराम' सुरू होऊ शकत नाही.

अकरा (नऊ वाजून चार मिनिटं)

आता हा शिवराम कोण?

वसंतात जुना संगणक जळाला होता, आतली पोथी तेवढी वाचली होती. नवा आला. पण स्वरांच्या खुणा दाखवणारा प्रोग्राम जुना, तो नव्यावर चालेना. तेव्हा यज्ञेशने कुठूनसं एक सॉफ्टवेअर आणलं. ते नव्या संगणकाच्या पोटात दुसरा संगणक उभा करायचं. खरा नव्हे, पण स्वतःला खराच समजणारा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. घरात सगळे 'पोटातला' म्हणायचे. पोटातल्याला ठाऊकच नसायचं की आपण कुणाच्या पोटात आहोत. त्याच्यात जुना प्रोग्राम मजेत चालला.

काही बदल करायचा झाला की यज्ञेश आहे त्याला हात लावायचा नाही, त्याच्यापासून नवा करायचा. असे सहा महिन्यांत चार झाले. त्याने त्यांना पूर्वजांची नावं दिली, थट्टेने. पहिला विनायक, त्यापासून गंगाधर, त्यापासून विश्वनाथ, त्यापासून शिवराम. शिवराम म्हणजे शास्त्रीबुवांचे वडील. काम रोज शिवराममध्ये व्हायचं. बाकीचे तिघे नुसते बसून होते.

समोरच्या लीलाताईंनी हे ऐकलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. "अगं, म्हणजे तुमच्या डब्याच्या पोटात चार-चार सासरे? आम्हाला एक सोसत नाही बाई!"

एक पाचवाही होता. त्याचं नाव 'दोन हजार'. साल दोन हजार लागलं की संगणक गडबडतात म्हणून जगभर घबराट होती. त्याच कामासाठी यज्ञेश महिनाभर दिल्लीत होता. जाण्यापूर्वी त्याने पोटातल्या एकाचं घड्याळ पुढे ढकलून बघितलं होतं, काय होतं ते. काही झालं नाही. तो तसाच राहिला. मालविकाने एकदा चुकून तो उघडला तर कोपऱ्यात जानेवारी चालू होता. तिने झटकन बंद केला. बाहेर अजून नोव्हेंबर, आणि आत मामंजींचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालेला. त्या दिवसापासून तिला तो संगणक नजरेसमोर नको झाला होता.

"काय झालं?" शास्त्रीबुवांनी विचारलं. आवाज सकाळी बरा असायचा, ओल्या लाकडासारखा.

"जागा नाही म्हणतोय, मामंजी. काहीतरी काढावं लागेल."

"मग काढ. झाडलोट करायला मुहूर्त लागतो का?"

तिने आधी 'दोन हजार' काढला. बरं वाटलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण यज्ञेशने बजावलं होतं, टोपलीत टाकलं म्हणजे जागा होत नाही, टोपली उलटी करावी लागते.

> जागा अपुरी आहे.

ती धावत समोर गेली, लीलाताईंच्या फोनवरून दिल्ली लावली. "इस मार्ग की सभी लाइनें व्यस्त हैं." पुन्हा. व्यस्त हैं. लीलाताई म्हणाल्या, "बस ना पाच मिनिटं, लागेल." पाच मिनिटं बसायला ती पाच मिनिटं तिची नव्हती. ती परत धावली. नऊ वाजून एकोणीस.

अकरा (नऊ एकोणीस)

"चौघांपैकी एकाला काढलं तर होईल," ती म्हणाली. "पण कुणाला? यांना विचारायला फोन लागत नाही."

"चौघे कोण?"

तिने नावं वाचली. खालून वर. शिवराम, विश्वनाथ, गंगाधर, विनायक.

आणि शास्त्रीबुवा हसले. तीन वर्षांत त्या यंत्राबद्दल कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आज विचारलं आणि प्रश्न निघाला थेट त्यांच्या घरचा. ते जरा पुढे सरसावून बसले.

"हे मला विचार. याला यज्ञेश कशाला हवा? श्राद्धात पिंड किती?"

"तीन."

"कुणाकुणाला?"

"वडील, आजोबा, पणजोबा."

"म्हणजे माझ्या हातून शिवराम, विश्वनाथ, गंगाधर. आणि गंगाधराच्या वरचा?"

त्याला काय मिळतं ते तिला ठाऊक नव्हतं.

"चौथ्याला पिंड नाही. पिंड देऊन झाले की हाताला जे चिकटतं ना, ते दर्भावर पुसायचं. तो लेप. चौथ्याचा हक्क लेपावर. नवा माणूस गेला की रांग सरकते, पणजोबा चौथा होतो आणि पिंडातून उठतो. कुणी त्याला हाकलत नाही, त्याचं काम झालेलं असतं." त्यांनी घोटभर पाणी घेतलं. "विनायक शेवटचा कधी उघडला होतास?"

"गुढीपाडव्याच्या आसपास. उन्हाळ्यापासून हात नाही लावला."

"आणि जागा किती अडवून बसलाय?"

तिने पाहिलं. दचकली. बाकीचे तिघे चिमूटभर, आणि विनायक एकटा त्या तिघांच्या दसपट.

"बघ," शास्त्रीबुवा म्हणाले. "लेपाचा धनी आणि जेवतो पंगतीएवढं. काढ त्याला."

इतकं सरळ होतं सगळं. न वापरलेला, सगळ्यात जुना, सगळ्यात जड, आणि वर शास्त्राचा आधार. मालविकाने त्यावर बोट ठेवलं. खरंच काढायचं का, असं संगणकाने एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. टोपली उलटी करताना तिसऱ्यांदा विचारलं. आत डिस्क खरवडू लागली, उंदराने पत्रा कुरतडावा तशी, आणि बराच वेळ थांबेना.

मग थांबली. जागाच जागा झाली होती.

नऊ वाजून एकतीस. तिने शिवराम उघडला.

> 'विनायक' सापडत नाही.

तिने विश्वनाथ उघडला.

> 'विनायक' सापडत नाही.

गंगाधर.

> 'विनायक' सापडत

"चल, चल," शास्त्रीबुवा म्हणाले, "अर्धा तास गेला. बत्तिसावा, पहिलं ठिकाण."

तिने मान वर केली नाही. पोटातलं सोडून तिने बाहेरच एक साधी फाइल उघडली. स्वरांच्या खुणा तिथे उमटत नव्हत्या, म्हणून खालच्या स्वराला एक, वरच्याला दोन, असे आकडे घालत तिने बत्तिसावा अध्याय उतरवायला घेतला. मामंजींचा आवाज फुकट जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिला कळत होतं. शास्त्रीबुवा डोळे मिटून म्हणत होते. दहाला तीन कमी असताना शेवटचं ठिकाण आलं, ते त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा आवाज फाटला, तरी वळण पुरं केलं आणि

(लाइट गेली. ती रोज दहालाच जायची, चारला यायची. टेबलाखालची बॅटरी किंचाळू लागली. मालविकाने फाइल जपून ठेवली आणि बटण बंद केलं. काळ्या काचेत तिचंच तोंड होतं, आणि मागे चटईवर मामंजी, आता मुके, समाधानाने मान हलवत.)

अकरा, संध्याकाळ. लीलाताईंच्या फोनवर मालविका

हॅलो. ऐकू येतंय ना?

बरे आहेत. नाही, त्यांचं काही नाही. शिवराम उघडत नाहीये.

जागा नाही म्हणाला, म्हणून मी एकाला काढलं.

विनायकला.

अहो?

अहो, बोला ना, लाइन गेली का?

हो, टोपलीपण. तुम्हीच म्हणाला होता, टोपली उलटी...

त्यानंतर? त्यानंतर त्यावर लिहिलं ना. बत्तिसावा अख्खा लिहिला. का?

नव्हतं लिहायचं?

मला कसं कळणार नव्हतं लिहायचं?

नाही, त्यांना नाही सांगितलं अजून. त्यांचा तास संपला होता.

बरं. नाही सांगत. तुम्ही या. या लवकर.

(लीलाताई दाराशी उभ्या होत्या. "कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं. मालविका म्हणाली, "कुणी नाही." लीलाताईंनी तरी तिला बसवून साखर-पाणी दिलं.)

दहा

तेहेतिसावा अध्याय. नऊ ते दहा. साध्या फाइलमध्ये, आकडे घालून.

शास्त्रीबुवा खुशीत होते. "काल विनायकरावांना वाट दाखवली, आज यंत्र कसं चालतंय?"

"चालतंय, मामंजी."

नऊ

यज्ञेश सकाळच्या गाडीने आला. चौतिसावा चालू होता. तो दाराशी उभा राहून ऐकत राहिला. वडिलांचा आवाज महिन्याभरात किती खाली गेला होता ते बायकोने फोनवर सांगितलं नव्हतं. रोज ऐकणाऱ्याला ते कळत नसतं.

चारला लाइट आली तसा तो संगणकाला भिडला. विद्यापीठातून मेलेल्या फाइली उकरून काढणारा प्रोग्राम आणला होता. दोन तासांनी विनायकाचे तुकडे वर येऊ लागले. मालविका खुर्चीमागे उभी होती.

> रर2म1 ▒▒▒▒ ▒▒ ष▒ ▒▒▒ यज2 यज2 यज2 ▒▒▒▒
> ▒▒▒▒▒▒▒▒▒▒ बत्तिसावा ठिकाण ३ ▒▒▒▒▒▒▒▒

"हे बत्तिसाव्यातलं," ती म्हणाली. "हे तर मी परवा लिहिलं."

"हो. विनायक जिथे होता तिथेच लिहिलं गेलंय. त्याच्या अंगावर."

ती खाली बसली.

"पण एकतीस अध्याय शिवराममध्ये होते ना? शिवराम तर आहे! मी हातसुद्धा लावला नाही त्याला."

यज्ञेशने चष्मा काढला. तो रागावला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "शिवराममध्ये फक्त बदल आहेत, मालू. विश्वनाथमध्ये काय होतं आणि आता काय वेगळं, तेवढंच. विश्वनाथमध्ये गंगाधरापेक्षा काय वेगळं ते. अख्खा असा एकच होता, विनायक. पोथीवरच्या दुरुस्त्या राहिल्यात आपल्याकडे. पोथी नाही."

"तुम्ही सांगितलं नव्हतंत."

"कुणी विचारलं नव्हतं. मला वाटलं, सगळ्यात जुन्याला कोण हात लावतंय."

"मामंजींना विचारून लावला."

मग तिने पिंडाचं आणि लेपाचं सांगितलं. यज्ञेश ऐकत गेला आणि मध्येच त्याला हसू फुटलं, भलतंच, घशातल्या घशात. ते थांबायला वेळ लागला. थांबल्यावर त्याने पहिली गोष्ट ही सांगितली, की बाबांना हे कळता कामा नये.

"का?"

"त्यांनीच काढायला लावलं म्हणून. ऑपरेशनला निघालेला माणूस आहे. उरलेले अध्याय तरी होऊ देत शांतपणे."

"आणि एकतीस?"

"ते गेले."

"पण आवाज त्यांचा आहे," मालविका म्हणाली. "आठ तास उरलेत त्यात. ते कशावर घालवायचे हे त्यांनी ठरवायला नको? त्यांना वाटतंय, मागचं सगळं जागेवर आहे. म्हणून पुढचं म्हणतायत."

"ठरवून काय करतील? आठ तासांत एकतीस अध्याय येणार आहेत का परत?"

मालविकाला नवऱ्याचं ऐकायची सवय होती. ती देवापाशी दिवा लावायला उठली.

शेजारच्या खोलीत शास्त्रीबुवा मौनात होते. मधलं दार उघडंच होतं. पण मनातल्या मनात पाठ म्हणत बसलेल्या माणसाला घरातलं ऐकू येत नसतं, असं या घरात सगळे धरून चालत.

आठ

नऊ वाजता पस्तिसावा सुरू झाला. दुसरंच ठिकाण अडलं. शास्त्रीबुवा म्हणता म्हणता थांबले, मागे आले, पुन्हा थांबले.

"असंच वळण चौदाव्यात आहे," ते म्हणाले. "तिथे आपण काय ठरवलं होतं? दोन दिवस वाद घातला होता मी माझ्याशीच. चौदावा काढ, वाचून दाखव."

मालविकाची बोटं कळांवर होती. यज्ञेश खिडकीशी होता. त्याने मान हलवली, अगदी थोडी. काहीतरी सांग. उघडत नाही सांग. लाइट कमी आहे सांग.

"मामंजी," ती म्हणाली, "चौदावा नाही."

"नाही म्हणजे? सापडत नाही?"

"एकपासून एकतीसपर्यंत काहीच नाही. त्या दिवशी विनायकला काढलं, त्याच्याबरोबर सगळं गेलं."

बाहेर कुणीतरी नाव लावत होतं, काठावर लाकूड आपटत होतं.

"कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे मी बत्तिसावा म्हणत होतो तेव्हा?"

"हो."

"तेहेतिसावा, चौतिसावा म्हणत होतो तेव्हाही."

"बाबा, मीच सांगितलं तिला की..." यज्ञेश पुढे आला.

शास्त्रीबुवांनी हात वर केला. तीन बोटं. ती त्यांनी आधी यज्ञेशला दाखवली, मग मालविकाला. तीन दिवस. विनायकाबद्दल, पिंडाबद्दल, स्वतःच्या निवाड्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त ती तीन बोटं बराच वेळ तशीच राहिली, आणि मग त्यांनाच ती खाली घ्यायची आठवण झाली.

"किती वाजले?"

"नऊ अकरा."

"एकतीस अध्यायांतली ठिकाणं किती?"

"चारशे बारा," मालविका म्हणाली. आकडा तिला पाठ होता.

"पुढची उरलेली?"

"ऐंशी असतील."

"एका तासात?"

"पंचवीस. फार तर."

त्यांनी डोळे मिटले. हिशेब करायला नव्हे, तो झाला होता. आठ सकाळी, दोनशे ठिकाणं. पाचशेच्या जवळ होती. अर्ध्याहून जास्त सोडून द्यायची, आणि कुठली ते आत्ता, बसल्या जागी, कारण यादी नव्हती. यादीही त्याच पोथीत होती.

"पस्तिसावा पुसून टाक. पहिल्यापासून," ते म्हणाले. "सगळी नाही. ज्याच्यावाचून चालणार नाही तेवढीच. पहिला अध्याय. पहिलं ठिकाण, घे."

त्यांनी म्हटलं. मालविकाने उतरवलं.

"दुसरं." ते थांबले. ओठ हलू लागले. आवाज असा नव्हता, नुसता वारा. टाइप करण्याजोगं त्यातून काही हाती लागत नव्हतं. शब्द पुढे गेले, मागे वळले, पुन्हा पुढे. पुरं वळण झालं. मग ते म्हणाले, "दुसरं नको. ते इतर घराण्यांतही सापडेल."

"तिसरं." पुन्हा ओठ, पुन्हा वारा. खोकला आला. पाणी घेतलं. "नको."

"बाबा," यज्ञेश म्हणाला, "जे ठेवायचं नाही ते म्हणू नका ना. आवाज जातोय त्यात."

"न म्हणता मला कसं कळणार, ते ठेवायचं की नाही?"

पन्नास वर्षं जे फक्त तोंडाने माहीत आहे ते तोंडात घेतल्याशिवाय वजनाला लागत नव्हतं, हे यज्ञेशलाही दिसत होतं. तो मागे गेला, भिंतीला टेकला.

"चौथं, घे."

"पाचवं..."

ओठ हलत राहिले. या वेळी वळण लांब होतं. मध्येच कुठेतरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, कुणी ओळखीचं भेटल्यासारखं, आणि ते पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले, आधीपेक्षा हळू. मालविका बोटं तोलून बसली होती. घे म्हणतील म्हणून. दोनदा म्हणून झालं, तिसऱ्यांदा झालं. घड्याळात नऊ वाजून बत्तीस झाले होते.

"नको," ते म्हणाले. तो शब्दही घोगरा आला.

दहाला लाइट गेली आणि बॅटरी किंचाळली तेव्हा फाइलमध्ये सहा ठिकाणं होती. नको म्हटलेली चौदा. शास्त्रीबुवांनी तोंड उघडलेलं होतं, एकविसावं आत तयार होतं. ते त्यांनी मिटलं.

पहिला अध्याय अजून संपायचा होता.